तीन नंबरची पेटी

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले आणि आमच्या चारही पेट्या एकदाच्या कंट्रोल रूमशी बोलायला लागल्या. सकाळी ९.४० ला एक नंबर, १०.१५ ला दोन, ११.०५ ला चार, आणि तीन नंबरने नखरे करत दुपारचे २.३० वाजवले. वेळा लिहायची खोड लॉगशीटमुळे लागली आहे. घरीसुद्धा कुकर किती वाजता लावला ते मी सांगू शकते.

त्यांचं खरं नाव प्रोग्रॅमेबल ऑटोमेशन कंट्रोलर. एवढं लांब नाव कोण घेणार? रंगखात्यात सगळे पेटीच म्हणतात. टॉवेल रंगवायच्या चार मशिनी, प्रत्येकीला एक पेटी. पाणी किती घ्यायचं, वाफ कधी सोडायची, झाकणाचं कुलूप कधी उघडायचं, हे आता ती ठरवणार. आतलं पाणी ऐंशी अंशांच्या खाली आलं की दिवा हिरवा होतो आणि कुलूप सुटतं.

मॅनेजर उदयसिंह साहेबांनी पेढे वाटले. म्हणाले, भुवनेश्वरी मॅडम, आता सगळं तुमच्या हातात. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. अठरा वर्षं मी मीटर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले, बिघडलं तर एक मीटर बिघडायचा. आता बिघडलं तर काय काय बिघडेल याचा मलाच अंदाज नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऑपरेटरांचं ट्रेनिंग झालं. इंद्रजीत सगळ्यांत चलाख, पण त्याची जुनी सवय सुटत नाही. दिवा हिरवा झाला तरी आधी झाकणावर तळवा ठेवतो, मग मीटर बघतो, मग उघडतो. ही गुरुलिंग मास्तरांची शिकवण. मास्तर रंगखात्यात चौतीस वर्षं आहेत, तळव्याने सांगतात आत किती अंश आहेत, आणि फार तर दोन-तीन अंशांनी चुकतात. मी इंद्रजीतला सगळ्यांसमोर सांगितलं, दिवा हिरवा म्हणजे हिरवा, हात लावत बसायचं नाही, त्यात लॉटमागे चार मिनिटं जातात. तो हसला आणि बरं म्हणाला. मास्तर हसले नाहीत.

मास्तरांना ही पेट्यांची भानगड आवडत नाही, हे गेटवरच्या वॉचमनलाही माहीत आहे. तरी संध्याकाळी ते कंट्रोल रूममध्ये आले आणि म्हणाले, मलाबी दाखवा. चार लोकांत ते मला मॅडम म्हणतात, एकटी असले की लेकीला म्हणतात तसं यव्वा. अक्कलकोटकडचं मूळ घर त्यांचं, माझ्या आईशी कानडीतच बोलतात. मी त्यांना सगळं दाखवलं, बायपाससुद्धा. म्हणजे दुरुस्तीच्या वेळी एखादी अट तेवढ्यापुरती बाजूला कशी ठेवायची आणि काम झालं की परत कशी लावायची ते. त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. पासवर्ड सगळ्यांना एकच आहे, भिंतीवर चिकटवलेला.

तीन नंबरच्या पेटीवर बॅटरीचा पिवळा दिवा लागलाय. स्टोअरला चिठ्ठी दिली. दिवाळीआधी आली तर नशीब.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पहिल्या पाळीला सुट्टी. सकाळी ७ ला मेन पाडला, मशिनी धुतल्या, हळदकुंकू, झेंडूचे हार, गेटवर कोहळा फोडला. मास्तरांनी प्रत्येक मशिनीला विभूतीची तीन बोटं ओढली. मग पेट्यांपाशी आले तर आत दिवे चालू. मी म्हटलं, मास्तर, यांची लाइन वेगळी आहे, ही बंद करत नाहीत.

"का? ते बी कामगारच की," मास्तर म्हणाले. "वर्सातनं येक दिस त्यालाबी निजू द्या."

जो माणूस पेट्यांच्या नावाने बोटं मोडतो, त्याने त्यांच्यासाठी सुट्टी मागावी, याचं मला इतकं बरं वाटलं की मी चारही बंद केल्या. बंद केल्यावर आठवलं, पिवळा दिवा असताना पेटी बंद करू नये, आतला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो. मग काय, प्रसादाचा शिरासुद्धा गोड लागला नाही. लॅपटॉपवर कॉपी आहे हे माहीत असूनही दिवसभर धाकधूक. दुपारी ३ ला दुसऱ्या पाळीबरोबर चालू केल्या. तीन नंबरचा प्रोग्रॅम ओळन् ओळ तपासला. जसाच्या तसा होता. जीव भांड्यात पडला.

आई म्हणते, तू काळजी करायला कारण शोधतेस. खरं आहे. तिच्यावरच गेले आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

धावपळीचा दिवस. तीन नंबरचा खालचा व्हॉल्व्ह अडकतोय म्हणून मशीन रिकामी करून घेतली. झाकण उघडं ठेवून बघायचं होतं, म्हणून कुलपाला बायपास मारला आणि व्हॉल्व्हला हात घालणार, तेवढ्यात १२.१० ला लेकीच्या, अपेक्षाच्या शाळेतून फोन. ताप एकशे तीन, घेऊन जा. तिचे बाबा हैदराबादला, माझी आई जिने उतरू शकत नाही. लॅपटॉप तसाच मिटला आणि रिक्षा पकडली. डॉक्टर म्हणतात डेंग्यूची तपासणी करू. रिपोर्ट उद्या. रिपोर्ट येईपर्यंत मी डेंग्यूबद्दल जेवढं वाईट वाचायचं तेवढं वाचून घेतलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

डेंग्यू नाही. काल रजा होती, आज कामावर गेले. मास्तरांची रविवार रात्रीपासून तिसरी पाळी, सकाळी ७ ला सुटतात, पण ९ पर्यंत माझ्यासाठी थांबले होते. म्हणे तीन नंबरचा दिवा लवकर हिरवा होतोय, झाकण हाताला लई गरम लागतंय. मी म्हटलं, मास्तर, तुमचा तळवा आणि पेटी यांचं भांडण कधी मिटणार? त्यांनी डबा उचलला आणि घरी गेले. नंतर वाटलं, बघून यायला हवं होतं. पण तुंबलेली कामं इतकी होती की राहून गेलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर लागलं नाही तरी चालेल.

संध्याकाळी ५.४० ला इंद्रजीतने तीन नंबरचं झाकण उघडलं. आत पंच्याण्णव अंश. मरून रंगाचा लॉट होता. दोन्ही हात कोपरापर्यंत, मान, छाती. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, भाजलंय किती आणि रंग किती? आम्हाला कुणालाच सांगता येईना.

झाकणाच्या कुलपाला बायपास होता, म्हणजे ऐंशीची अट बाजूला, लॉट संपला की दिवा हिरवा. मी स्वतः पडद्यावर बघितलं. पेटीला कुणी हात लावू नका, आधी यादी काढू, असं उदयसिंह साहेब म्हणाले. फक्त वाफ बंद केली.

सोमवारी मी बायपास मारला होता का? मारला असेल तर काढलाच असणार. मी काढल्याशिवाय उठत नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही.

एकदाही नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मी नाही.

पेट्या बसवून देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने पुण्यात बसल्या बसल्या नेटवर्कवरून तीन नंबरच्या पेटीची यादी काढली. केव्हा कुठली अट बदलली हे पेटी स्वतःच्या पोटात लिहून ठेवते. बायपासची एकच नोंद आहे: ६ ऑक्टोबर, पहाटे ४.१०. काढल्याची नोंद नाही. त्यानंतर यादीत काहीच नाही.

माझी सोमवार दुपारची नोंद नाहीच. म्हणजे मी बायपास मारायच्या आधीच फोन आला असणार. तापाच्या गडबडीत डोक्यात सरमिसळ झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चोरी न करताच.

यादी बघितल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सुटले म्हणून रडले, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. मग लक्षात आलं, रविवारची रात्र उलटून सोमवारची पहाट, तिसरी पाळी, कंट्रोल रूममध्ये एकच माणूस. मास्तर.

११ ऑक्टोबर, शनिवार

दवाखान्यात गेले, मोसंबी घेऊन. इंद्रजीत शुद्धीवर आहे. हातांना बँडेज गुंडाळलंय. मला बघून म्हणाला, "मॅडम, दिवा हिरवा होता की." तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मला तिथे थांबवेना.

बाहेर त्याची बायको रेश्मा होती. तिने विचारलं, कुनी केलं हे? मी म्हटलं, चौकशी चालू आहे. ती हात सोडेना. मग मी म्हटलं, यादीत मास्तरांच्या पाळीतली वेळ आहे. हे मी बोलायला नको होतं. पण खोटंही नव्हतं.

ती तिथेच बाकावर बसली आणि मास्तरांचे हात झडतील म्हणाली, त्यांना शेवटचं पाणी मिळणार नाही म्हणाली. त्यांच्याच हाताखाली तिचा नवरा शिकला होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मास्तरांना कामावरून दूर ठेवलंय. जानेवारीत रिटायर व्हायचे होते. शुक्रवारी चौकशी, मोठे साहेब येणार.

आज उदयसिंह साहेबांच्या केबिनमध्ये त्यांना यादी दाखवली. ते म्हणाले, मी हात लावला न्हाय. साहेबांनी विचारलं, बायपास मारता येतो? येतो. कुणी शिकवला? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आपला आपणच शिकलो. खिशातली डायरी बाहेर काढली नाही. मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला?

साहेब नंतर मला म्हणाले, म्हाताऱ्याला पहिल्यापासून हे नको होतं, पेटी खोटी ठरवायला गेला असेल. मी म्हटलं, तसा माणूस नाही. मग कसा आहे, असं त्यांनी विचारलं. यादी समोर होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मास्तरांनी सही केली. स्वतः बसून लिहून दिलं: ६ तारखेला पहाटे माझ्या हातून अनवधानाने बायपास लागला असावा.

गेटबाहेर मी त्यांना गाठलं. म्हटलं, मास्तर, तुम्हाला आठवतंय का, की नुसतंच लिहून दिलंत?

"आटवत न्हाय यव्वा, त्येचंच भ्या वाटतंय," ते म्हणाले. "चन्नवीर अण्णाचं असंच सुरू झालं हुतं. आदी चावी कुटं ठेवली इसरायचा, मग पोरांची नावं. पेटी काय खोटं बोलनार न्हाय. मग मीच केलं आसंल, आन् मला ठावं न्हाय."

चन्नवीर म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. शेवटी दोन वर्षं त्याला बांधून ठेवावं लागलं होतं. मास्तर चालत गेले, आणि कोपऱ्यावर थांबून कुठल्या बाजूला वळायचं ते बघत उभे राहिले. बसस्टॉप चौतीस वर्षं तिथेच आहे.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, आता तर सगळं मिटलं ना?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बॅटरी आली. तीन आठवड्यांनी स्टोअरवाल्यांना जाग आली. सकाळी ती घेऊन तीन नंबरच्या पेटीपाशी गेले. बायपास मी शनिवारीच काढला होता, तरी पुन्हा बघितलं. दार उघडून बॅटरी बदलण्याआधी पेटीच्या आतली आकड्यांची छोटी पट्टी वाचायची असते, म्हणून वाचली. त्यावर तारीख होती १६, वेळ ३.२०.

माझ्या मनगटावर ११.२० वाजले होते.

मी आधी घड्याळ झटकलं, माझं. मग मोबाइल बघितला. मग एक, दोन आणि चार नंबरची दारं उघडली. तिथे ११.२२, ११.२३. परत तीन नंबरपाशी आले. ३.२४. बरोबर आठ तास मागे. एक पाळी मागे.

आठ तास कुठे गेले, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. खंडेनवमीला ७ ते ३. बाकीच्या तिघींच्या बॅटऱ्या चांगल्या होत्या, त्यांची घड्याळं झोपेतही चालत राहिली. हिचं ७ वाजता थांबलं आणि दुपारी ३ ला जागी झाल्यावर तिथूनच पुढे निघालं. मी प्रोग्रॅम ओळन् ओळ तपासला होता. घड्याळ बघायचं कुणाला सुचतं? मला सुचायला हवं होतं, तेच तर माझं काम.

४.१० आणि आठ. १२.१०.

तिथेच पेटीसमोर खाली बसून पर्समधून ही वही काढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दहा दिवस वही माझ्याजवळ, आणि मी मागचं पान उलटलं नव्हतं. का नव्हतं उलटलं, हे मला चांगलं ठाऊक आहे, उगाच वेड पांघरत नाही. "कुलपाला बायपास मारला." माझंच अक्षर. "१२.१० ला." आणि आठ तारखेच्या पानावर मास्तर नऊ वाजेपर्यंत माझ्यासाठी थांबलेले.

बॅटरी हातात होती. ती घालायची आणि घड्याळ बरोबर लावायचं, एवढंच काम. दोन मिनिटं. ते माझं रोजचं काम आहे, कुणी विचारलंही नसतं. घड्याळ एकदा बरोबर झालं की ते चुकीचं होतं हे सांगणारं या जगात काही उरलं नसतं, या वहीशिवाय. आणि वही काय, चुलीत जाते. मास्तरांची सही झालेली आहे. जानेवारीत ते जाणारच आहेत. अपेक्षा सातवीत आहे. या सगळ्याचा मी विचार केला. मनात आलं आणि गेलं, असं नाही. तिथे बसून नीट, हिशेबाने विचार केला. ११.५५ झाले.

मग मी मोबाइलवर पट्टीचा आणि माझ्या मनगटाचा एकत्र फोटो काढला, बॅटरी डबीत ठेवली, पेटीला कुलूप लावून चावी घेतली आणि रिक्षाने शेळगीला मास्तरांकडे गेले.

ते ओट्यावर बसून मेथी निवडत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ६ तारखेचं पान दोनदा वाचलं. मला वाटलं आता शिव्या घालतील. घालाव्यात असं वाटत होतं.

"म्हंजी त्या रात्री मी काय इसरलो न्हवतो?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं. तुम्ही काहीच केलं नव्हतं.

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. चेहरा झाकून घेतला आणि खांदे हलायला लागले. आतून त्यांची सून आली, ती घाबरली. ते तिला म्हणाले, काय न्हाय, माजं डोकं शाबूत हाय. तेच वाक्य त्यांनी कानडीत पुन्हा म्हटलं, मग चारही नातवंडांची नावं घेतली, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, ओळीने. मला रागावायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

निघताना मात्र म्हणाले, "साहेबाला उद्या सांग. आदी इंद्रजीतला सांग. मी काय, मी भाजलो न्हाय."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हे लॉगशीटच्या पाठीवर लिहितेय. वही उदयसिंह साहेबांच्या कपाटात आहे, चौकशीच्या कागदांबरोबर.

द्यायच्या आधी साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि मला समजावलं. म्हाताऱ्याची सही आहे, त्याचे सगळे पैसे मिळतील याची मी हमी देतो, तुम्ही गेलात तर या चार पेट्या कोण चालवणार? वही घरी न्या. ते वाईट बोलत नव्हते. मी ऐकून घेतलं, पाणी प्यायले, आणि वही टेबलावर ठेवून ६ तारखेचं पान उघडलं. मोठ्या साहेबांसमोर १० तारखेचं पानसुद्धा वाचून दाखवायला लागलं, "मी नाही" ते. मास्तरांनी लिहून दिलेलं रद्द झालं. सोमवारपासून ते कामावर. मी घरी, निकाल लागेपर्यंत. निकाल काय लागेल ते सांगायला ज्योतिषी नको.

घड्याळ सगळ्यांसमोर बरोबर केलं, १.३५ ला. नोंद मोठ्या साहेबांनी स्वतःच कागदावर करून घेतली.

पण त्याआधी सकाळी ९ ला दवाखान्यात गेले होते, ते लिहायचं टाळतेय. इंद्रजीतने सगळं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, मी हात लावून बघनार हुतो मॅडम, तुमची आटवन आली म्हनून न्हाय लावला.

रेश्मा माझ्याबरोबर बाहेर आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मी मास्तरला नको नको ते बोल्ले," ती म्हणाली. "दिवा लावून बोल्ले, रोज. ते आता कुनाला लागायचं?"

मी तिथेच उभी राहिले. मला लागू दे, असं म्हणायचं होतं, पण घरी मागच्या खोलीत अपेक्षा तापात पडली होती ते दिवस आठवले आणि जीभ रेटली नाही. मी आज पुन्हा नेलेली मोसंबीची पिशवी तिने परत केली नाही. आतही नेली नाही. मी जिना उतरले तेव्हा ती बाकावरच होती.